बॉनेट उघडताना : उणे ४० दाखवणारी गाडी आणि बाकीची पत्रं

चेक इंजिन लाइटबद्दल पत्रं पाठवा म्हटलं होतं, ढीगभर आली. वाचून वाईट वाटलं कारण बहुतेकांची गोष्ट एकच, लाइट लागला, स्कॅन केलं, कोड आला, कोडात ज्या सेन्सरचं नाव तो सेन्सर नवा आणून बसवला, पैसे गेले आणि लाइट परत हजर. म्हणून या वेळची सगळी जागा यालाच देतोय. पहिलं पत्र जरा जास्त जागा खाणार आहे, पण ते नीट डोक्यात बसलं की पुढची बरीचशी आपोआप सुटतात.

प्रश्न (चंद्रपूर) : माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पावसाळ्यात चेक इंजिन लाइट लागला. तेव्हापासून चावी ऑन केली की रेडिएटरचा फॅन लगेच सुरू होतो तो बंदच होत नाही, ॲव्हरेज १८ वरून १३ वर आलंय, आणि गरम गाडी पुन्हा स्टार्ट करताना तीन-तीन वेळा सेल्फ मारावा लागतो. गॅरेजमध्ये पी ०११८ कोड निघाला, कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलला, १,४०० रुपये दिले. त्याच संध्याकाळी लाइट परत. आता म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, गेला असेल, २५ हजार धरून चला. मी स्वतः ब्लूटूथचा स्कॅनर आणून लावला तर कूलंट टेंपरेचर मायनस ४० दाखवतोय. चंद्रपुरात मायनस ४०! आता काय करू?

उत्तर : दादा, ईसीएमचे पैसे खिशातच ठेवा. तुम्ही स्कॅनर लावून तो मायनस ४० चा आकडा बघितलात तिथेच अर्धं काम झालंय.

या सेन्सरच्या आत एक थर्मिस्टर असतो. इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापलं की थर्मिस्टरचा रेझिस्टन्स उतरतो, थंड झालं की चढतो. बहुतेक गाड्यांत २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास. ईसीएम आपल्याकडून ५ व्होल्ट एका रेझिस्टरमधून त्या वायरीवर सोडतो आणि वायरीवर किती व्होल्ट उरलेत ते बघत बसतो, जास्त उरले म्हणजे पाणी थंड, कमी उरले म्हणजे गरम, एवढाच त्याचा हिशोब. आता वायरच तुटली किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग) नीट लागलाच नाही तर करंटला जायला रस्ताच उरत नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात, आणि ईसीएमच्या पट्टीवर ते थंडीचं अगदी शेवटचं टोक आहे, उणे ४०. म्हणजे स्कॅनरवर उणे ४० दिसलं की ते तापमान म्हणून वाचायचंच नाही, सर्किट कुठेतरी उघडं आहे असं वाचायचं. पी ०११८ चा अर्थही नेमका तोच, या सर्किटचा व्होल्टेज जास्त येतोय. सेन्सर खराब आहे असं त्या कोडात कुठेही लिहिलेलं नाही. (याचा जुळा भाऊ पी ०११७, त्यात व्होल्टेज खाली पडतो, वायर कुठेतरी शॉर्ट होते आणि आकडा १३०-१४० च्या घरात जातो.)

फॅनचंही कोडं यातच सुटतं. तापमान कळत नाही म्हटल्यावर ईसीएम इंजिन वाचवायला फॅन कायम चालू ठेवतो आणि पेट्रोलही अंदाजानं जास्त सोडतो. म्हणून ॲव्हरेज पडलं आणि म्हणूनच गरम गाडी जादा पेट्रोलनं घुसमटते.

आता घरी काय करायचं. गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, बॉनेट उघडा आणि सेन्सर शोधा, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या हाउसिंगजवळ असतो, दोन वायरींचा छोटा कपलर. लॉक दाबून कपलर काढा आणि टॉर्च मारून त्याच्या तोंडात सरळ बघा. दोन्ही पिना सारख्या उंचीवर दिसतात का? नवा सेन्सर घाईत बसवताना कपलर तिरका ढकलला की एखादी पिन मागे सरकते आणि वरून सगळं टकाटक लागलेलं दिसतं. पिनेवर हिरवट भुकटी दिसली तर तो तांब्याचा गंज, कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा.

पिना ठीक असतील तर चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि एक जेम्स क्लिप वाकवून कपलरच्या दोन पिनांमध्ये हलकेच जोडा, पिना फाकवायच्या नाहीत. दुसऱ्या कुणालातरी स्कॅनर बघायला सांगा. आकडा उणे ४० वरून एकदम शंभरच्या वर उडाला तर कपलरपासून ईसीएमपर्यंत सगळं धड आहे, मग दोष सेन्सरमध्ये किंवा कपलर आणि सेन्सरच्या जोडात. नवा सेन्सरही खराब निघू शकतो. आकडा उणे ४० लाच चिकटून बसला तर वायर तुटलीय. हे फक्त दोन वायरींच्या तापमानाच्या सेन्सरवरच करायचं, तीन वायरींच्या कुठल्याही सेन्सरवर अशी क्लिप लावू नका, तिथे एका पिनेवर सरळ सप्लाय असतो आणि तो शॉर्ट केला तर एका दुखण्याची चार दुखणी होतील.

तुमच्याकडे मला तुटलेली वायरच वाटतेय, कारण सेन्सर बदलूनही काहीच बदललं नाही. दोनातली कुठली तुटली ते मल्टीमीटर सांगतो. कपलर काढलेला, चावी ऑन, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोबनं एकेक पिन तपासा. एका पिनेवर ५ व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. दोन्हींवर काहीच नाही आलं तर सिग्नलची वायर गेलीय. एकीवर ५ आलं पण दोन पिनांच्या मध्ये मोजलं तर शून्य, तर ग्राउंडची गेलीय.

मग वायरीचा माग काढत जायचं, आणि इथे मी तुम्हाला पहिली जागा सांगतो, बॅटरीच्या ट्रेखाली आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली बघा. पावसाळ्यात उंदरांना बॉनेटखाली कोरडी, ऊबदार जागा मिळते. आमच्या सोसायटीतल्या एका गाडीत हाच कोड होता, ट्रे उचलला तर खाली शेंगांच्या टरफलांचा ढीग आणि वायरीच्या काळ्या स्लीववर सुरीनं तासल्यासारखे बारीक दात. तुटलेल्या टोकाचं तांबं चकचकीत होतं. हे लक्षात ठेवा, चकचकीत तांबं म्हणजे ताजं कुरतडणं, हिरवं-काळं म्हणजे पाणी शिरून जुना गंज, आणि गंज निघाला तर वायर थोडी मागपर्यंत कापावी लागते कारण तो आत आत सरकत जातो.

जोडताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेनं टेपचा गोंद वितळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही परत इथेच. हीट श्रिंक स्लीव आधी वायरीत घालून ठेवा, सोल्डर करा, स्लीव सरकवून गरम हवेनं आवळा, वर कापडी वायरिंग टेप. मग कोड पुसा आणि गाडी चालवून बघा. सकाळच्या थंड गाडीत कूलंटचा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा जवळपास सारखाच हवा, दोन-चार डिग्रीचा फरक चालतो, आणि गाडी तापल्यावर कूलंट ८५-९५ ला स्थिरावला की झालं. गॅरेजवाल्यावर चिडू नका, पण काढलेला जुना सेन्सर मागून घ्या, तो बहुतेक चांगलाच असणार. वाटीभर गार पाण्यात आणि मग गरम पाण्यात टाकून मल्टीमीटरनं ओहम बघा, आकडा सरसर उतरला तर स्पेअर म्हणून जपून ठेवा.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : घरीच एअर फिल्टर बदलला आणि चार दिवसांत पी ०१७१ आला, सिस्टीम टू लीन. आयडलला गाडी थरथरते. मित्र म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाक. बदलू का?

उत्तर : नको ताई, आधी तुम्ही हात कुठे लावला होता तिथेच परत जा. एखादं काम केल्यावर लगेच कोड आला तर दहातल्या आठ वेळा ते कामच कारण असतं हा माझा अनुभव आहे. ऑक्सिजन सेन्सरनं इथे फक्त बातमी दिलीय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे, आणि वाईट बातमी आणली म्हणून त्यालाच घरी पाठवायचं हे बरोबर नाही.

तुमच्या गाडीत हवा मोजायला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे की एमएपी (हवेचा दाब मोजणारा सेन्सर), ते आधी बघा. फिल्टरच्या डब्यानंतर लगेच जाड पाईपवर कपलर लागलेला असेल आणि स्कॅनरवर हवा ग्रॅम पर सेकंदमध्ये दिसत असेल तर एमएएफ. फिल्टर काढताना हाच पाईप सैल होतो, क्लॅम्प वरवर बसतो, आणि सेन्सरच्या पुढे फटीतून न मोजलेली हवा आत शिरते, ईसीएमला तिचा पत्ताच नसतो, तो मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होतं. पाईप काढून पुन्हा बसवा, त्याच्या घड्यांमध्ये बोट घालून चीर आहे का बघा, चिरा नेहमी खालच्या बाजूला असतात आणि वरून दिसत नाहीत. डब्याच्या चारही क्लिपा लागल्यात का तेही बघा. तेल लावलेला कापडी फिल्टर बसवला असेल तर ते तेल एमएएफच्या तारेवर जाऊन बसतं. ती तार फार बारीक असते, बोट, कापड, ब्रश काहीही लावू नका, फक्त एमएएफ क्लीनरचा स्प्रे मारा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ब क्लीनर नको.

एमएपीवाली गाडी असेल तर मात्र फिल्टरजवळची फट कोड आणणार नाही, कारण तिथे थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) नंतरचा दाब मोजतात. (सेन्सर बरा आहे का बघायचं असेल तर इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात उंचीमुळे ९४-९५. गाडी चालू केली की आयडलला ३०-४० वर उतरला पाहिजे.) तिथे मग इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची गॅस्केट, सीएनजी किट असेल तर त्याची जोडणी, इकडे वळायचं.

आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांत फ्युएल ट्रिम बघा, शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज. ईसीएम आपल्या मनानं किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते त्यात कळतं. अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक, हा कोड येतो तेव्हा ते साधारण २५ च्या आसपास गेलेलं असतं. आता गाडी उभी ठेवून २,५०० आरपीएमवर रेस धरा. एमएएफवाल्या गाडीत आयडलला ट्रिम खूप आणि रेसला कमी होत असेल तर हवा कुठेतरी शिरतेय, कारण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की तेवढ्याच फटीचा वाटा कमी होतो. उलट लोडवर ट्रिम चढत गेला तर पेट्रोलच कमी पडतंय, पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं ट्रिम थोडा वर सरकतो हे खरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, पण तो चार-आठ टक्क्यांचा मामला आहे, तुमची थरथर त्यानं आलेली नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गाडी अचानक बंद पडली. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. वीस मिनिटं थांबलो, पहिल्या सेल्फला चालू. नंतर हे तीनदा झालं, दर वेळी गाडी तापलेली असतानाच. कोड पी ०३३५.

उत्तर : या गाडीनं आधी घाट चढणं बंद करा, बाकीचं नंतर. ट्रकांच्या रांगेत इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो, घरची माणसं गाडीत असताना हा धोका घ्यायचा नाही.

पी ०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) पोझिशन सेन्सरचं सर्किट. क्रँक कुठे आहे हे कळलं नाही तर स्पार्क आणि पेट्रोल कधी द्यायचं तेच ईसीएमला कळत नाही, म्हणून तो दोन्ही थांबवतो. तुमची लक्षणं मात्र या वेळी खरोखर सेन्सरकडेच बोट दाखवतायत. आतल्या कॉइलच्या तारेला केसाएवढी चीर असते, गरम झाली की ती उघडते, गार झाली की टेकते. तरी पैसे घालायच्या आधी खात्री करा. गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा २००-२५० दिसतोय आणि तरी पकडत नाही, तर क्रँक सेन्सर निर्दोष, मग मागच्या सीटपाशी कान लावून चावी ऑन करा, दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐका, नाही आली तर पंप किंवा त्याचा रिले.

सेन्सर सहज हाताशी येत असेल तर काढून त्याचं टोक बघा, चुंबकवाला असेल तर लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटलेला असतो, पुसून परत लावा. पण या पार्टमध्ये मी काटकसर करू नका असंच सांगेन, कंपनीचाच घ्या. काही गाड्यांत बदलल्यावर स्कॅनरनं क्रँकचं रीलर्न (ईसीएमला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं, ते आधी विचारून घ्या.

प्रश्न (नाशिक) : लाइट कधी नुसता पेटलेला असतो, कधी लुकलुकतो. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही. पेटून स्थिर असेल, गाडी नीट पळत असेल आणि टेंपरेचरचा किंवा ऑइलचा लाल लाइट नसेल तर घरापर्यंत हळू या आणि मग बघा. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतंय आणि तो आतून वितळू शकतो. पाय काढा, बाजूला घ्या, बंद करा. कन्व्हर्टर हा या सगळ्या यादीतल्या महागड्या पार्टांपैकी एक आहे.

प्रश्न (लातूर) : कुठला स्कॅनर घेऊ? आणि माझ्या गाडीला चालेल का?

उत्तर : आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीच्या कंप्युटरनं स्वतःच बिघाड ओळखून कोड द्यायची पद्धत) बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, तशी गाडी असेल तर स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट सापडेल. साधा ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाईलवरचं ॲप घरच्या कामाला पुरतं, फक्त लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम दाखवणारं ॲप घ्या, नुसता कोड वाचून पुसणारं नको. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला बघा, जुना ब्लूटूथवाला जोडला जात नाही. काम झालं की काढून ठेवा, १६ नंबरच्या पिनेवर चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी तो उतरवू शकतो. आणि कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, कोड आला तेव्हा स्पीड किती, तापमान किती, लोड किती हे सगळं त्यात असतं आणि पुसलं की कायमचं जातं.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया) : मासिक इथे मागवून वाचतो. स्मॉग चेकच्या (इथल्या धुराच्या तपासणीच्या) आदल्या रात्री ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड पुसला, लाइट गेला, तरी सकाळी गाडी पास झाली नाही. इथे लाइट बंद असला तरी का अडवतात?

उत्तर : कारण तिकडे २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांमध्ये तपासणीवाला ओबीडीच्या सॉकेटमधूनच विचारतो, आणि कोडाबरोबर रेडीनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीनं स्वतःची कुठली तपासणी पूर्ण केलीय तेही, बघतो. कोड पुसला की ते सगळे मॉनिटर कोरे होतात, म्हणजे गाडी सांगते माझी तपासणी अजून झालेलीच नाही. या गाड्यांना फक्त एव्हॅपचा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा, मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकीचे पूर्ण लागतात. इथे आपल्या पीयूसीत पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात त्यामुळे ही अडचण आपल्या लोकांना माहीतच नसते.

आणि दादा, हीटरचा कोड पुसून जात नाही, गाडी परत तपासणी करेल तेव्हा तो परत येईल. थंड सायलेन्सरवर सेन्सरचा कपलर काढा, हीटरच्या दोन पिना बहुतेक एकाच रंगाच्या वायरींच्या असतात, त्यांच्यात मल्टीमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे, मग फ्यूज आणि वायर बघा. अनंत दाखवलं तर आतली तार जळलीय, तेव्हा सेन्सर खुशाल बदला. नंतर सात-आठ दिवस गाडी नेहमीसारखी वापरा, रात्रभर थंड झालेली स्टार्ट, थोडं शहरात, वीसेक मिनिटं फ्रीवेवर एकसारख्या स्पीडनं, आणि मधे बॅटरी काढू नका. रोज संध्याकाळी ॲपमध्ये मॉनिटरची यादी बघत जा, एव्हॅप सोडून सगळ्यांपुढे कम्प्लीट दिसलं की दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घ्या.